पुरे म्हणेपर्यंत

नवीने ताट पुढे केलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. आज काही झालं तरी 'पुरे' म्हणायचं नाही, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती.

काचेच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढण्याची एकच रीत होती. समोरचा 'पुरे' म्हणेपर्यंत मावशींनी वाढत राहायचं. रीत सगळ्यांना सारखी. फक्त पुरुष पुरे म्हणायचे ते ताटात भाताचा डोंगर झाल्यावर, आणि बायका म्हणायच्या डाव पातेल्यातून वर यायच्या आधीच. शिवाय ताटही मागे ओढायच्या, जणू मावशी निखारेच वाढताहेत. नवीचंही रोज तेच. तिला कामाला लागून वर्ष होत आलं होतं. पण काच उचलणाऱ्यांत तिच्यानंतर दुसरी बाई आलीच नाही, म्हणून ती नवीच राहिली होती.

काल दुपारी चारच्या सुमाराला तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातल्या काचेचा कोपरा जमिनीला लागला. नखाएवढा टवका उडाला. फोरमन ओरडला नाही, हेच वाईट.

"उद्या मोठी काच आहे," तो म्हणाला. "पुन्हा असं झालं तर परवापासून पॅकिंगला बसायचं. बाईमाणसाचं काम नाही हे, मी आधीच म्हणालो होतो."

घरी जाताना तिने नीट विचार केला. हात दुखत नव्हते, पाठ दुखत नव्हती. पोटात मात्र कावळे ओरडत होते. रोज दुपारी ओरडायचे, आणि ती रोज त्यांना पाणी पाजून गप्प करायची. काच उचलण्याचं काम तिने भांडून मिळवलं होतं. ते कावळ्यांपायी सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती.

मावशींनी एक डाव भात घातला आणि त्यांचा हात थांबला. नवी काही बोललीच नव्हती. हात सवयीनेच थांबला. मावशींनी वर पाहिलं. ताट होतं तिथंच होतं.

"अगं, पुरे ना?"

"वाढा, मावशी."

दुसरा डाव जरा बिचकतच पडला. तरी ताट हललं नाही. मागे रांग खोळंबली.

"काय गं नवे," मागून पैलवान म्हणाला. काचेचं दुसरं टोक रोज तोच धरायचा, आणि दंडापेक्षा त्याची जीभच जास्त कसलेली होती. "दोन जिवांची आहेस की काय?"

सगळं कँटीन खो खो हसलं. पॅकिंगच्या बायकाही तोंडाला रुमाल लावून हसल्या. नवीची कानशिलं तापली. नेहमीचा शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. तिने तो गिळला.

"नाही," ती म्हणाली. "एकाच जिवाचं मागतेय. आजवर तेवढंही घेत नव्हते."

हसणं विरलं. फोरमनला हे आवडलं नाही. त्याने जेवता जेवताच भिंतीकडे बोट केलं. तिथला आहाराचा तक्ता त्यानेच कुठूनतरी आणून चिकटवला होता.

"वाच की ते. बाईला दिवसाला दोन हजार कॅलरी, पुरुषाला अडीच हजार. मावशी बायकांना कमी वाढतात, ते काय मनानं?"

तक्त्यावर एका बाईचं चित्र होतं. खुर्चीत बसलेली, पायावर पाय टाकून, हातात कप. नवीने ते निरखून पाहिलं.

"असेल बरोबर," ती म्हणाली. "ती बसलीय ना. तिच्या हातात काचेचं एक टोक द्या, आणि मग विचारा किती लागतं ते."

फोरमनने तोंड उघडलं आणि त्यात घास घातला. मावशी फिस्सकन हसल्या. त्यांनी तिसरा डाव शिगोशीग भरला, ताटात रिकामा केला, वर बटाट्याचा रस्सा ओतला.

"आता पुरे," नवी म्हणाली. हा शब्द ती पहिल्यांदाच खरा बोलत होती.

ती बाकावर बसून पोटभर जेवली. जेवणं चालू असताना मावशी पुरुषांच्या टेबलांमधून फिरत "सावकाश होऊ द्या" म्हणायच्या. बायकांना ते म्हणायची वेळच यायची नाही. त्यांचं तोवर आटोपलेलं असायचं. आज मावशी नवीपाशी थांबल्या.

"सावकाश होऊ दे गं," त्या म्हणाल्या.

चार वाजता मोठी काच निघाली. एका टोकाला पैलवान, दुसऱ्याला नवी, हातांत काच धरायच्या रबरी पकडी. लाकडी स्टँडपर्यंत सगळं सुरळीत झालं आणि तिथे माशी शिंकली. स्टँडचा खिळा बसेना. फोरमन हातोडी घेऊन खाली वाकला.

"धरून ठेवा! मी सांगेपर्यंत सोडू नका."

काच अधांतरी राहिली. पैलवानाच्या नाकावरून घाम ओघळायला लागला आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

"फोरमन, आटपा की. हात भरून आले माझे."

फोरमनने मान वर केली, पण पैलवानाकडे पाहिलं नाही. काल याच वेळेला काय झालं होतं, ते तो विसरला नव्हता. हातोडी तशीच धरून तो नवीकडे पाहत राहिला.

"तुझं काय? खाली टेकवायची का?"

नवीने पाय जरा फाकवून रोवले. डोळ्यांपुढे सगळं लख्ख होतं.

"नको," ती म्हणाली. "सावकाश होऊ द्या."