ब्रॅम्पटनचं सत्तावन्न

"त्या राणीपुढे हा सरदार मान तुकवणार नाही!" दीनानाथने तलवार उगारून डरकाळी फोडली.

शाळेचा हॉल टाळ्यांनी दणाणला. सत्तावन्नच्या बंडाला दीडशे वर्षं झाली म्हणून कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या मराठी मंडळाने स्टेजवर लढाई बसवली होती. किल्ला फ्रिजच्या खोक्यांचा. इंग्रज मात्र एकच, दिलीप. बाकी सगळ्यांना क्रांतिकारकच व्हायचं होतं. दिलीपचे डोळे घारे, म्हणून त्यालाच पकडून सांताक्लॉजचा लाल कोट चढवला. एका इंग्रजावर अकरा सरदार. मंडळाला रिस्क नको होती.

आता फक्त दिलीपला भोसकायचं बाकी होतं. तेवढ्यात विंगेतून माधवीचा आवाज आला. माधवी म्हणजे मंडळाची सेक्रेटरी आणि दीनानाथची बायको.

"अहो, जरा दमानं. चीफ गेस्ट आल्यात. पहिल्या रांगेत."

"कोण?"

"सिटिझनशिप जज. मंगळवारी तुम्हाला शपथ देणाऱ्या. म्हटलं, आधी ओळख झालेली बरी."

दीनानाथच्या पगडीखाली घाम फुटला. या शपथेसाठी तो पाच वर्षं थांबला होता. कॅनडाची राणीही इंग्लंडचीच. तिच्याशी आणि तिच्या वारसांशी इमान राखीन, हे तो रोज दाढी करताना घोकत होता. त्याने हळूच खाली पाहिलं. पिकल्या केसांच्या बाई चष्मा लावून खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. नजर सरळ त्याच्या तलवारीवर.

गेला पासपोर्ट.

"दिलीप," तो ढालीआडून कुजबुजला, "तू मरू नकोस. मी मरतो."

"वेड लागलं काय? सासूबाई पुण्याहून आल्यात. मी मरताना बघायचंय त्यांना."

"सासूबाईंना पुढच्या वर्षी दाखव."

"दीनानाथराव, महिनाभर बेसमेंटमध्ये पडायची प्रॅक्टिस केलीय मी. गुडघे सोलवटलेत."

"तुझी शपथ झालीय रे बाबा. माझी व्हायचीय."

एवढं बोलून दीनानाथने दिलीपचीच तलवार धरली, स्वतःच्या काखेत खुपसली आणि धाडकन आडवा झाला. कुजबुज मागच्या सरदारांनी ऐकली होतीच. ज्यांच्या फाइली पेंडिंग होत्या, ते पटापट पडले. ज्यांचे पासपोर्ट आले होते, ते थोडा वेळ लढले. मग सगळेच झोपलेत म्हटल्यावर तेही झोपले. किल्ल्यावर एकटा सांताक्लॉज उरला. त्याच्या कोटात केचपची पिशवी तशीच शाबूत होती. सासूबाई तोंड फिरवून बसल्या.

दीनानाथने मेल्या मेल्या एक डोळा उघडला. जजबाई खुर्चीत मागे रेलल्या होत्या. चष्मासुद्धा काढला होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

पडदा पडताच हा हुतात्मा टुणकन उठला आणि शाल-नारळ घेऊन त्यांच्यापुढे वाकला.

"मॅडम, राणीचं सैन्य म्हणजे ग्रेटच. कुणीच हरवू शकत नाही."

बाईंनी नारळ मांडीवर ठेवला आणि उदास हसल्या.

"मी मूळची आयर्लंडची. इंग्रजांशी आमचंही जुनंच वैर. तुमच्या मिसेस फोनवर म्हणाल्या, शेवटी इंग्रज मरतो. म्हणून तर एवढा तासभर गाडी चालवत आले."