रुळलेला आवाज

वेइयोच्या घरी नवा अ‍ॅम्प्लिफायर आला तो नेमका, त्याची बायको तुलिक्की घरातल्या झाडून सगळ्या सतरंज्या सरोवराच्या धक्क्यावर धुवायला घेऊन गेली त्या दिवशी. फिनलंडमधल्या कुओपिओत उन्हाळा लागला की हे काम कुणाला चुकत नाही. संध्याकाळी वेइयोने हौसेने व्हायोलिनची रेकॉर्ड लावली, तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला.

"परत दे तो. दुकानदार शुक्रवारपर्यंत खोक्यासकट परत घेतो," तुलिक्की म्हणाली.

"नवा आहे. वाजता वाजता रुळेल."

"अरे म्हाताऱ्या, यंत्र कुठलं रुळतंय? तुझे कान तेवढे निबर होतील!"

पण उभ्या आयुष्यात वेइयोने बायकोला न विचारता घेतलेली ही पहिलीच वस्तू होती. तो हट्टाला पेटला. बाहेर कुंपणावर सतरंज्या वाळत होत्या आणि घरात व्हायोलिन दिवसभर किंचाळत होतं. शुक्रवारी दुपारी मात्र तेच सूर लोण्यासारखे मऊ झाले.

"आता बोल!" असं म्हणून वेइयोने अ‍ॅम्प्लिफायरचं खोकं फाडून सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीत घातलं.

तुलिक्कीने क्षणभर कान दिला. मग सकाळीच अंथरलेल्या सतरंज्या तिने एकेक करून गुंडाळल्या. व्हायोलिन पुन्हा किंचाळलं.

वेइयो जमिनीच्या उघड्या फळ्यांकडे बघत राहिला. मग मान ताठ करून म्हणाला,



"बघ! इतका रुळलाय, की घरातली सतरंजी उचललेलीसुद्धा त्याला खपत नाही!"