फुलांना हात लावू नकोस

"फुलांना हात लावू नकोस, एवढं तरी ऐक," ताईने पुन्हा बजावलं.

धाकटा नुसता हसला. भावाबहिणीचं बटणांचं दुकान जुन्या बाजारपेठेच्या ऐन मध्यावर होतं. शेजारच्या दुकानांना कोरीव दगडी कमानी, यांच्या दारावर मात्र गुलाबी सिमेंटची फुलं. धाकट्याला तिथे काचेची इमारत हवी होती. बिल्डर गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. ताईचा मात्र सगळा जीव त्या दुकानात. ती बरीच मोठी. धाकटा पाळण्यात असताना ती गल्ल्यावर बसू लागली होती.

आज जुन्या वास्तूंच्या समितीच्या बाई येणार होत्या. त्यांनी जतनाची पाटी लावली, की इथली वीटही कुणाला हलवता येणार नव्हती.

"मागच्या खेपेला बाई फुलांकडे बघतच राहिल्या," ताई म्हणाली. "अख्ख्या बाजारात अशी फुलं दुसरीकडे नाहीत."

"म्हणजे पाटी लागलीच समज."

"बघू. मी त्यांना घेऊन येते. शिडी मागच्या खोलीत आहे, कुणाला देऊ नकोस. हातोडापण तिथेच आहे."

ती वळणाआड जाताच धाकट्याने बाह्या सरसावल्या. फुलंच नसली तर बाई जपणार काय, बटणं?

"अरे, ताई जीव घेईल तुझा!" शेजारचा चष्मेवाला ओरडला.

"घेऊ दे!"

सिमेंटचे पोपडे धडाधड रस्त्यावर कोसळले. धुळीने डोळे उघडवत नव्हते, तरी हात थांबला नाही. शेवटचं फूल पडलं आणि समोरून ताई बाईंना घेऊन आली.

बाई मान वर करून उभ्याच राहिल्या. धाकटा छाती काढून शिडीवरून उतरला.

"माफ करा बाई. आता इथे जपण्यासारखं काही उरलं नाही."

"कोण म्हणतं? रस्त्यातली सगळ्यात देखणी कमान आहे ही. पाटी उद्याच लावते."

धाकट्याने डोळे चोळून वर पाहिलं. फुलांच्या जागी दगडात कोरलेली वेल होती, पानन् पान शाबूत.

ताईने त्याच्या केसांतली धूळ मायेने झटकली.

"बाबांनी ती झाकली तेव्हा तू पाळण्यात होतास," ती म्हणाली. "आणि मला आता शिडी चढवत नाही रे."