केसभर पुढे

थोरल्याने पिशवीतून रायफलची नळी काढली. धाकट्याने गोणपाटातून उरलेली रायफल. एकमेकांकडे न बघता दोघांनी आपापला तुकडा टेबलावर ठेवला.

"अगं बाई!" बंदूकवाली मावशी म्हणाली. नवऱ्यामागे हे दुरुस्तीचं दुकान तीच चालवत होती. फुटलेले दस्ते, गंजलेले घोडे, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. पण वाटणीत वडलांची रायफल अर्धी-अर्धी घेणारे भाऊ ती आजच बघत होती. "आणि वडलांना पत्ताच नाही?"

"त्यांना आता दिसत नाही," धाकटा म्हणाला. "काल रायफल मागितली. तुमच्याकडे तेलपाण्याला दिलीय म्हणून सांगितलं, तर सोबतच आले. बाहेर गाडीत बसलेत."

"नखाने रेघ चाचपतील," थोरला म्हणाला. "ती जुळायलाच हवी, मावशी. आम्ही वेगळे झालोय हे त्यांना कळता कामा नये. खचतील."

मावशीला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली. नळीच्या बुडाला आटे असतात. ते रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलच्या मधल्या लोखंडी घरात, पिळत न्यायचे. नळीचा खांदा घराच्या तोंडाला टेकला की थांबायचं. मग कारागीर दोन्हींवरून मिळून छिन्नीची एक बारीक रेघ मारतो, अर्धी नळीवर, अर्धी घरावर. पुढे नळी जराही इकडेतिकडे बसली, की ती रेघ चुगली करते.

तिने घर व्हाइसच्या पकडीत आवळलं, नळीला पाना लावला. नळी सुरळीत शिरली, खांदा टेकला. मावशीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नळीवरची रेघ घरावरच्या रेघेला ओलांडून केसभर पुढे गेली होती.

"हे कसं काय?" तिने नळी परत काढून भिंगाखाली धरली. "घराच्या आट्यांत जुनं ग्रीस जसंच्या तसं आहे. नळीचा खांदा मात्र झिजलाय, म्हणून ती जास्त आत फिरतेय. ही रोज कोण घासतं?"

"रोज नाही, रविवारी," थोरला ओशाळला. "पॉलिश पेपरने. गंज चढू नये म्हणून. याने तर आपला तुकडा माळ्यावर फेकून दिला होता!"

"पण वाट तर नाही लावली," धाकटा फणकारला.

"हळू बोला," मावशीने नळी पुन्हा बसवली. "हिच्यातून आता गोळी झाडायची नाही. नुसती जवळ ठेवायची असेल, तर जुनी रेघ बुजवून नवी..."

तिने छिन्नी उचलली आणि दारात काठी वाजली.

"झाली का हो बाई?" म्हातारा आत येऊन स्टुलावर बसला. मावशीने सोडवून दिलेली रायफल त्याने मांडीवर आडवी घेतली. अंगठ्याचं नख घरावरच्या रेघेवरून सरकलं, अडलं, मागे आलं. पुन्हा सरकलं.

"नळी थोरल्याकडे गेली वाटतं," म्हातारा म्हणाला. "याची घासायची खोड जुनीच."

म्हाताऱ्याने नळीवरून तळहात फिरवला.

"बरं, आता माझी वाटणी कशी करताय? उभी की आडवी?"