गार पडू देऊ नका

मूठ जरा सैल केली की रक्ताची धार लागायची, म्हणून नर्सला बाळंतिणीच्या पोटावरून हात काढता येत नव्हता. आरोग्य केंद्राचे डॉक्टर मार्चमध्ये बदलून गेले, ते गेलेच; त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं नाही. "मावशी, पोरीला गार पडू देऊ नका," ती तासभर सासूला बजावत होती, आणि हौसाबाई सुनेचे तळवे चोळत होत्या.

बाहेर ड्रोन पेटी ठेवून परत उडाला. दोन घाट त्याने बावीस मिनिटांत ओलांडले होते. अंगणापासून खाटेपर्यंतच्या तीस पावलांसाठी सरकारने माणूस दिला नव्हता.

"पळा मावशी. पेटीत रक्ताची पिशवी आहे, एकच आहे, जपून आणा."

हौसाबाईंनी पिशवी उचलली आणि त्यांची बोटं गारठली. हे असलं बर्फाचं ओल्या बाळंतिणीच्या अंगात घालायचं? शहरातल्यांना आयाबहिणी नाहीत का? मागच्या चुलीवर बाळाच्या न्हाणाचं पाणी उकळत होतं. त्यांनी पिशवी त्यात सोडली, चांगली तापू दिली आणि पदरात धरून धावत आत आल्या.

नर्सने मोकळा हात पुढे केला आणि चटका बसून मागे घेतला. पिशवीतलं रक्त तपकिरी होऊन त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या.

"आत्या, लई थंडी वाजतीया," सून पुटपुटली.

"आता न्हाई वाजायची, बाळा." हौसाबाई नर्सकडे वळल्या. "लावा की बाई. गरम करून आणलंय."