बाईंच्या खुणा

जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना सुरू व्हायला पाच मिनिटं होती. खैरमोडे बाई समोरच्या संघाच्या बाकावरून उठून माझ्याकडे आल्या आणि खाली वाकून माझ्या बुटाची नाडी बांधू लागल्या.

"अजून सैलच बांधतेस," म्हणाल्या.

गेल्या वर्षापर्यंत मी त्यांच्याच नगरपालिकेच्या शाळेकडून बास्केटबॉल खेळायचे. जूनमध्ये या खासगी शाळेनं फी माफ करून मला घेतलं. बूटही याच शाळेनं दिले.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे होतो. आमच्या प्रशिक्षक सरांनी टाइमआउट घेतला. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी बोलले, "सर, त्यांची कॅप्टन वेणीला हात लावते तेव्हा पास डावीकडे जातो. मूठ दाखवली की उजवीकडे."

त्यानंतर त्यांचे तीन पास मी वाटेतच पकडले. आम्ही एका गुणानं जिंकलो.

हात मिळवताना त्यांची कॅप्टन निलोफर माझ्यापाशी थांबली. आम्ही पाचवीपासून एका बाकावर बसायचो.

"मी काल बाईंना म्हटलं होतं, खुणा बदलू या, तुला सगळ्या पाठ आहेत," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, ती नाही सांगायची. आपली मुलगी आहे."

तिच्या मागे बाई होत्या. त्यांनी माझ्यापुढे हात केला. माझी मान वर होईना. खाली बुटावर त्यांनी बांधलेली गाठ अजून घट्ट होती.