कागदाचा बोळा

दोन हजार चारचा मे, भर दुपार. कोल्हापुरातल्या आमच्या गॅरेजात जुन्या एसी बसची साधी शाळेची बस करायचं काम चाललं होतं. कॉम्प्रेसर, पंखे, पाइपा, सगळं बाहेर उन्हात पडलं होतं.

गार लागतं म्हणून प्रवाशांनी छतातल्या एसीच्या हवेच्या भोकांत कोंबलेले पेपरचे बोळे मी सकाळीच उपसले होते.

जेवण झालं. माझा जोडीदार भीमाप्पा भाकरीचा पेपर चुरगाळून शेवटच्या भोकात कोंबायला लागला.

"एसी भाईर पडलाय की, भीमाप्पा."

"ठावं हाय. मागल्या पावण्याला थंडी वाजतीया."

मागल्या सीटा आम्ही कालच काढल्या होत्या. तिथं नुसता पत्रा होता.

मी माझ्याही भाकरीचा पेपर त्याला दिला.

त्यानं तो न बघता मागं धरला, आणि रिकामा हात पुढं घेतला.